पहिले पिस्तूल

मराठी घरातल्या मुलाच्या हाती पहिले पिस्तूल येते ते दिवाळीत, आणि तेही टिकल्यांचे. ते निवडण्याची रीत ठरलेली आहे. दुकानात दोरीला टांगलेल्या पिस्तुलांपैकी सर्वांत मोठे, सर्वांत काळे आणि सर्वांत जड जे असेल त्याकडे चिरंजीवांनी बोट दाखवायचे, वडिलांनी त्याच्या शेजारच्या धाकट्या पिस्तुलाची स्तुती करायची, आणि मधल्या कुठल्या तरी किमतीवर तह व्हायचा. भाऊबीजेपर्यंत त्याचा घोडा तुटलेलाच असतो. तेव्हा निवड चुकली काय आणि साधली काय, कोणाचे फारसे बिघडत नाही.

नवल असे की, खऱ्या नेमबाजीचे पहिले पिस्तूल घेतानाही पुष्कळ शहाणीसुरती माणसे हीच रीत चालवतात. मोठे नाव, महाग किंमत आणि जिंकणाऱ्याच्या हातात पाहिलेला आकार! फरक एवढाच की, इथे तह होतो तो लाख रुपयांच्या पुढे. आणि घोडा तुटला नाही तरी मुलाचे मन मात्र वर्षभरात तुटलेले असते.

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांखेरीज दुसरे काही मी आयुष्यात नेमाने फेकलेले नाही. परंतु कॉलेजच्या जिमखान्याची जबाबदारी अशा निरुपद्रवी माणसाच्याच गळ्यात घालण्याची आपल्याकडे चाल आहे. ती माझ्या गळ्यात पडली आणि नेमबाजीच्या मुलामुलींबरोबर रेंजवर उभे राहण्याची वेळ आली. हळूहळू पालक मलाच विचारू लागले, "सर, कुठलं पिस्तूल घ्यावं?" आधी विचारणारे क्वचित भेटत. आता या ना त्या महिन्याला एक तरी येतात, आणि त्याचे कारण उघड आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली पालेम्बांग येथे २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. आशियाई क्रीडास्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण पटकावणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धांत याच प्रकारात सुवर्ण राहीचे आणि रौप्य अनिसा सय्यदचे, म्हणजे दोन्ही पदके महाराष्ट्राच्या मुलींची. पुढे २०२४ साली पॅरिसला मनू भाकरने दोन कांस्यपदके घेतली आणि गावोगावच्या आईबापांना वाटू लागले की, आपल्याही घरात एखादे पिस्तूल असावे.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. हा लेख कागदाच्या लक्ष्यावर मारायच्या पिस्तुलाविषयी आहे. संरक्षणासाठी हत्यार हवे असलेल्या गृहस्थांनी पुढचे पान उलटावे. त्यांच्या उपयोगाचे येथे काही नाही.

नवशिक्याचे पहिले पिस्तूल म्हणजे हवेवर चालणारे, १० मीटरवरून मारायचे एअर पिस्तूल. याला सोयीचे कारण आहे आणि कायद्याचेही. त्याची नळी ०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो, म्हणजे त्यातली शक्ती भरते पाच-सहा ज्यूल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलहून अधिक शक्ती असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. हे पिस्तूल त्या रेषेच्या पुष्कळच अलीकडे आहे. याउलट २५ मीटरचे .२२ पिस्तूल हे बारुदाचे हत्यार. त्याला परवाना हवा, आणि तो सर्वसाधारणपणे वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. त्याहून लहान मुलांच्या सरावासाठी वेगळ्या अटी आहेत. परंतु परवाना नको म्हणून हवेचे पिस्तूल खेळणे ठरत नाही. पाच ज्यूल डोळा घालवायला पुरेसे आहेत. नळीतून आरपार घातलेली केशरी दोरी निघाल्याशिवाय रेंजवर कोणी पिस्तुलाला हात लावीत नाही, आणि घरीही हाच नियम पाळणाऱ्या मुलालाच पिस्तूल घेऊन द्यावे.

आता निवडीकडे वळण्यापूर्वी थोडे गणित. वाचकांपैकी गणिताला भिणारे पुष्कळ असतील, मीही त्यांतलाच. पण हे गणित समजल्यावाचून पुढचे सारे दुकानदाराचे बोलणे वाटेल.

लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. शर्टाच्या गुंडीएवढे म्हणा. त्याबाहेर आठ-आठ मिलिमीटरवर नऊ, आठ, सात अशी कडी. पिस्तुलाच्या नळीवर दोन खुणा: डोळ्याजवळ मागची साइट, तिला मध्ये खाच, टोकाला पुढची साइट, ती उभ्या पट्टीसारखी. पट्टी खाचेत मधोमध दिसली, दोन्हींचे माथे एका रेषेत आले, की नेम धरला. या दोन खुणांत अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. आता समजा, हात थरथरला आणि सबंध पिस्तूल जसेच्या तसे एक सेंटिमीटर बाजूला सरकले. छर्राही एक सेंटिमीटर बाजूला लागेल आणि दहाच्या जागी नऊ मिळतील. परंतु हात जागच्या जागी राहून मनगट किंचित वळले आणि पुढची पट्टी खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर त्या एका मिलिमीटरचे ३१ मिलिमीटर होतात. दहाच्या जागी सात! हात सेंटिमीटरभर डुलला तर एक गुण गेला, मनगट मिलिमीटरभर वळले तर तीन गेले.

म्हणून पिस्तुलाच्या शिक्षणात एक गोष्ट सांगतात, ती आपल्या महाभारताच्या अगदी उलट आहे. द्रोणाचार्यांनी विचारले तेव्हा अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसत होता, बाकी काही नाही. पिस्तूल हाती घेतलेल्या अर्जुनाने असे उत्तर दिले तर त्याला घरी पाठवतील. इथे दृष्टी स्थिर ठेवायची ती पुढच्या पट्टीवर. ती काजळाच्या रेघेसारखी स्पष्ट हवी, आणि लक्ष्य धूसर, पुसट, एखादा काळसर डाग असे दिसले पाहिजे. नवशिक्याला हे महिनोन् महिने पटत नाही. ज्याच्यावर मारायचे त्याच्याकडे पाहायचे नाही, हे मनाला कसे पटावे?

एवढे ध्यानात आले म्हणजे पिस्तुलात काय पाहायचे ते आपोआप ठरते. जे पिस्तूल हातात धरल्याबरोबर मनगट वळू देत नाही, ते चांगले. आणि ते ठरवते नळी नव्हे, मूठ.

मूठ हा पिस्तुलाचा लाकडी भाग, बहुधा अक्रोडाचा. उजव्या हाताची वेगळी, डाव्या हाताची वेगळी. चपलांसारखी लहान, मध्यम, मोठी अशी मापे. तळहाताखाली एक वरखाली सरकणारा कट्टा असतो, त्यावर हाताची कड टेकते. नियमाप्रमाणे मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. मनगट मोकळे दिसले पाहिजे. दुकानात किंवा रेंजवर करण्याजोगी परीक्षा सोपी आहे. लक्ष्याकडे पाहून, मूठ नीट धरून, डोळे मिटायचे. हात उचलायचा, दोन श्वास थांबायचे आणि डोळे उघडायचे. पट्टी खाचेत मधोमध असेल तर मूठ तुमची. ती डावीकडे-उजवीकडे गेली असेल तर मूठ दुसऱ्या कोणाची आहे, आणि तुम्ही प्रत्येक वेळी मनगट वळवून तिची समजूत घालणार. साठ छर्ऱ्यांची स्पर्धा असते. साठ वेळा समजूत घालून थकलेले मनगट शेवटच्या वीसांत उत्तर देते. दुसरी खूण बोटाची. तर्जनीचे पहिले पेर चापावर सरळ टेकले पाहिजे आणि बाकीचे बोट लाकडाला कुठेही चिकटता कामा नये. लहान हातात मोठी मूठ आली की बोट चापापर्यंत पोचण्यासाठी लाकडावर दाबले जाते, आणि चाप ओढताना सगळे पिस्तूलच ओढते.

हाताच्या आधी डोळाही तपासावा. दोन्ही तळव्यांत लहानसे भोक ठेवून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो आपला मुख्य डोळा. पुष्कळांचा हात उजवा आणि डोळा डावा निघतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण मूठ घेण्याआधी हे कळलेले बरे. हात मात्र शिकवता येतो. हंगेरीच्या लष्करातल्या कारोली टाकाच याचा उजवा हात १९३८ साली हातबाँब फुटून निकामी झाला. त्याने डावा हात तयार केला आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला, दोन्ही ऑलिंपिकांत जलद पिस्तुलाचे सुवर्णपदक घेतले. अर्थात त्याच्याइतकी वेळ कोणावर न येवो.

वजनाचे म्हणाल तर नियम दीड किलोपर्यंत मुभा देतो, पण चांगली पिस्तुले किलोच्या आसपासच असतात. तांदळाची एक किलोची पिशवी पसरलेल्या हाताच्या टोकाला धरून पाहा, म्हणजे मुलाकडून आपण काय मागतो आहोत ते समजेल. जड पिस्तूल कमी हलते हे खरे. परंतु चौदा वर्षांच्या मुलाचा खांदा पंधराव्या छर्ऱ्याला खाली येऊ लागतो आणि तो घाई करू लागतो. त्याच्यासाठी आखूड, हलकी नमुन्याची पिस्तुले निघतात. बाप ती घेत नाहीत, कारण "पुढे मोठा झाल्यावर काय करायचं?" शाळेचा गणवेश दोन मापे मोठा शिवण्याची आपली सवय इथे फार महागात पडते.

चाप ऊर्फ ट्रिगर. एअर पिस्तुलाच्या चापाचे ओझे ५०० ग्रॅमपेक्षा कमी असून चालत नाही. स्पर्धेपूर्वी पंच चापाला ५०० ग्रॅमचे वजन लावून पिस्तूल उभे उचलतात; वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही तर उत्तीर्ण. नवशिक्याला नेहमी चाप हलका हवासा वाटतो, आणि हलकेपणाच्या मागे लागून तो नको ते स्क्रू फिरवतो. त्याने पाहायचे ते निराळेच. चाप थोडा मागे येऊन एका ठिकाणी अडला पाहिजे, आणि तिथून पुढे न खरखरता, न घसरता, काचेची कांडी मोडावी तसा सुटला पाहिजे. छर्रा न घालता नुसता चाप ओढण्याची सोय पिस्तुलात आहे की नाही, हे तर विसरूच नये. चांगला नेमबाज रेंजवर जितके मारतो त्याहून अधिक घरी, कोऱ्या भिंतीसमोर, रिकाम्या पिस्तुलाने मारतो.

चाप यांत्रिक घ्यावा की विजेवरचा, हा वाद रेंजवर चहाच्या टपरीइतकाच जुना वाटतो. विजेवरचा फार स्वच्छ सुटतो, यात शंका नाही. परंतु तोक्योचे ऑलिंपिक आठवावे. २५ जुलै २०२१ रोजी प्राथमिक फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलातले विजेचे मंडल बिघडले. दुरुस्तीत पाव तासाहून अधिक वेळ गेला, उरलेले छर्रे तिला घाईने मारावे लागले. ५७५ गुण होऊन ती बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्यापाशी प्रशिक्षक होते, तज्ज्ञ होते. सांगली-साताऱ्याच्या मुलाचे मंडल बिघडले तर ते टपालाने कुठवर जाईल आणि केव्हा परत येईल, याचा विचार आधी करावा. पहिल्या पिस्तुलाला माझे मत यांत्रिक चापाला.

तीच गोष्ट हवेची. आजची स्पर्धेची पिस्तुले नळीखालच्या लहान सिलिंडरात २०० बारपर्यंत दाबलेल्या हवेवर चालतात. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या हा नव्वद-शंभरपट दाब. धक्का जवळजवळ जाणवत नाही, आणि एकदा भरले की शंभरावर छर्रे मारता येतात. परंतु सिलिंडरावर त्याचे आयुष्य कोरलेले असते, साधारण दहा वर्षे. वापरलेले पिस्तूल घेताना मूठ कितीही चकाकत असो, आधी तो आकडा वाचावा. आणि सिलिंडर भरणार कुठे? रेंज जवळ असेल तर ठीक; नाही तर हातपंप मारावा लागतो, आणि पावसाळ्यात त्या पंपातून हवेबरोबर दमटपणाही आत जातो. दुसरा प्रकार एका दट्ट्याचा: दर वेळी तरफ ओढून हवा दाबायची आणि एक छर्रा मारायचा. हे काम कष्टाचे, लहान मुलाला पेलत नाही. पण सिलिंडर नाही, पंप नाही, बिघडायला फारसे काही नाही. आणि अचूकपणात ते भल्याभल्यांना लाज आणते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या थोरल्या विद्यार्थ्याला मी हेच सुचवतो. वर्षाचे सोने होते.

बाकीच्या साजशृंगाराविषयी फार लिहीत नाही. पॅरिसला तुर्कस्तानचा युसुफ दिकेच नेहमीचा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक स्पर्धेचे रौप्यपदक घेऊन गेला. सगळ्या जगाने त्याची छायाचित्रे पाहिली. त्यावरून काही मंडळींनी साधनांचे काही महत्त्वच नाही असा निष्कर्ष काढला. तो खरा नव्हे. त्याच्या हातातले पिस्तूल स्पर्धेचेच होते, आणि त्यामागे कैक वर्षांचा सराव होता. त्याने काय सोडले ते पाहावे: डोळ्यावरच्या भिंगांचा, झापडांचा पसारा सोडला, पिस्तूल सोडले नाही.

आता एका विद्यार्थिनीची हकीगत सांगतो. तिचे वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. मुलगी सात-आठ महिने क्लबाच्या पिस्तुलावर शिकत होती, गुण वाढत होते, आणि मग वाढायचे थांबले. कोणी तरी सांगितले, पिस्तूल बदला. वडिलांनी पतपेढीत कर्जाचा अर्ज भरला आणि जामीनदार म्हणून सही घ्यायला माझ्याकडे आले. ज्या पिस्तुलाचे चित्र त्यांनी खिशातून काढले ते जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी होते, यात वाद नाही.

मी विचारले, "तिनं हे हातात धरून पाहिलंय का?"

"नाही सर. पण पदकवाले हेच वापरतात म्हणे."

मी सही केली नाही. शिष्टपणा वाटला असेल, पण माझी तक्रार कर्जाविषयी नव्हती. क्लबात एका जुन्या नेमबाजाचे पिस्तूल विकायचे होते: यांत्रिक चाप, सिलिंडराची पाच वर्षे शिल्लक, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. मुलीने ते धरले, डोळे मिटले, उघडले. पट्टी खाचेच्या डाव्या भिंतीला टेकलेली. पुन्हा केले, पुन्हा तेच. ती हिरमुसली. वडील मात्र पुढे झाले. त्यांनी पिस्तूल मागून घेतले, मूठ फिरवून पाहिली, मुलीच्या तळहातावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हिचा हात इथं पोकळ राहतोय. आणि इथं लाकूड जास्त आहे."

मुठीचे लाकूड कमीजास्त करायला नियमाची आडकाठी नाही. थोर नेमबाजही ते करतात. पण मला हे ठाऊक असून सुचले नव्हते ते त्या गृहस्थांना न ठाऊक असून सुचले. पिस्तूल आठ दिवसांच्या बोलीवर घरी गेले. मूठ स्क्रूने सुटी केली, बाकीचे पिस्तूल कपाटात कुलपाखाली. रोज ड्युटीवरून आल्यावर ते कानशीने दोन-चार घासे मारीत, मुलगी धरून पाही, पुन्हा दोन-चार घासे. तळहाताच्या पोकळीत त्यांनी लांबी भरली आणि ती ओली असतानाच तिला मूठ घट्ट धरायला लावली. बोटांचे ठसे उमटले. वाळल्यावर पॉलिशपेपर. आठव्या दिवशी रेंजवर तिने डोळे मिटले, हात उचलला, आणि डोळे उघडून नुसतीच हसली.

पतपेढीचा अर्ज मागे घेतला नाही, रक्कम तेवढी कमी केली. जामीनदार म्हणून सही माझीच आहे. उरलेल्या पैशांतून चार वेगवेगळ्या प्रकारच्या छर्ऱ्यांचे डबे आणले, कारण प्रत्येक नळीला आवडणारा छर्रा निराळा असतो आणि तो मारून पाहिल्याखेरीज कळत नाही. तिचे गुण लगेच वाढले असे म्हणणार नाही. पहिले दोन महिने उलट कमी झाले. क्लबाच्या मुठीशी भांडायची सवय मनगटातून जायला तेवढा वेळ लागला. मग मात्र ते सरकू लागले, आणि शेवटच्या वीस छर्ऱ्यांत पूर्वी होणारी पडझड थांबली.

ती ओबडधोबड, ठिगळ लावल्यासारखी दिसणारी मूठ रेंजवर आता चांगलीच प्रसिद्ध आहे. पालक आपापल्या मुलांच्या नव्याकोऱ्या पिस्तुलांच्या मुठी पिशवीत घालून मेकॅनिकसाहेबांच्या घरी जातात. ते मुलाचा तळहात पाहतात, मूठ पाहतात, आणि मग विचारतात, "क्लबाचं पिस्तूल किती महिने मारलं?" उत्तर सहाच्या खाली आले तर मूठ परत पिशवीत जाते. चहा मात्र मिळतो.